अ‍ॅक्सेसच्या जुन्या नोंदवहीत फोटोंच्या जागी नुसता आयकन दिसतोय (चपलांचे नमुने, कोल्हापूर)

पायताणघर | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. मी सुभाषनगरची. आमच्या घरात चार पिढ्या पायताणं बांधतात. आबांना सगळे नमुने तोंडपाठ होते, पण २००३ साली आतेभावानं हट्ट धरून त्यांच्यासाठी अ‍ॅक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम) एक नोंदवही करून दिली. नमुन्याचा क्रमांक, तळाला थर किती, वेणी किती पदरी, कान कसे कापलेत, गोंडा आहे का, आणि शेवटच्या रकान्यात फोटो. एकूण ४१२ नोंदी आहेत. आबा २०१६ ला गेले. त्या वर्षीच भावानं वहीची एक प्रत सीडीवर घेऊन माझ्याकडे दिली होती.

२०१९ च्या महापुरात व्हीनस कॉर्नरजवळचा आमचा गाळा बुडाला. संगणक गेला, कॅमेऱ्याची कार्डं गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीवर टांगलेले नमुन्यांचे जोड कुजून गेले. राहिली ती ही सीडी.

आता नव्या लॅपटॉपवर फाईल उघडते. मजकूर सगळा जागेवर आहे. पहिल्या १६८ नोंदींचे फोटोही दिसतात. १६९ पासून पुढच्या २४४ नोंदींना मात्र पांढऱ्या चौकोनात एक बारका आयकन आणि त्याखाली फाईलचं नाव, एवढंच येतं. एका दुकानात दाखवलं तर म्हणाले, फोटो करप्ट झालेत, रकाना रिकामा करा आणि नव्यानं चढवा. नव्यानं चढवायला फोटो आहेत कुठं माझ्याकडं?

परवा पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. त्यांच्या वडिलांनी आबांकडून नेलेला २९१ नंबरचा जोड पुन्हा बांधून हवा होता. वहीत लिहिलंय, "वेणी तीन पदरी, मधली उलटी". उलटी म्हणजे नेमकी कशी, ते फोटोशिवाय कळत नाही. काय करू?

रंकाळ्याचा_वारा | सोमवार, रात्री ११.०५

ताई, डेटाबेस टूल्समध्ये कॉम्पॅक्ट अँड रिपेअर आहे, ते चालवून बघा की. माझी फाईल एकदा त्यानंच सुधारली होती.

टेबलक्वेरी | सोमवार, रात्री ११.२०

थांबा. अजून काहीच चालवू नका, आणि रकाना तर अजिबात रिकामा करू नका. आधी सीडीवरची फाईल लॅपटॉपवर दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या आणि सीडी कपाटात ठेवा. यापुढं जे काही करायचं ते तिसऱ्या प्रतीवर. कॉम्पॅक्ट वाईट नाही, पण मोडलंय काय हे कळायच्या आत दुरुस्ती कशाची करायची?

आता मला तीन गोष्टी सांगा.

फॉर्म बंद करून टेबल थेट उघडा. फोटोच्या रकान्यात चित्र दिसणार नाही, एखादा शब्द दिसेल. १६८ पर्यंत कोणता शब्द आहे आणि पुढं कोणता? तो शब्दच सगळं सांगतो.

फाईल किती एमबीची आहे?

दिसणाऱ्या फोटोंचा आकार साधारण किती पिक्सेल असावा? कॅमेरा कोणता होता ते आठवलं तरी चालेल.

पायताणघर | मंगळवार, सकाळी ७.१५

प्रती केल्या. टेबलात १६८ पर्यंत "मायक्रोसॉफ्ट फोटो एडिटर ३.० फोटो" असं आहे. पुढं सगळीकडं "पॅकेज". फाईल ४८० एमबी. भावाला फोन केला. तो म्हणतो सुरुवातीचे सगळे फोटो १०२४ बाय ७६८ करून टाकायचा. २००८ ला नवा संगणक घेतला आणि तेव्हापासून कॅमेऱ्यातून आले तसेच टाकायला लागला.

टेबलक्वेरी | मंगळवार, सकाळी ९.३०

ताई, बहुतेक तुमचे फोटो आत आहेत. सांगतो का ते.

तुमचा रकाना ओएलई ऑब्जेक्ट जातीचा आहे. या रकान्यात अ‍ॅक्सेस नुसती जेपीजी ठेवत नाही. ज्या प्रोग्रॅमच्या नावावर जेपीजी नोंदलेली असते त्याला हाक मारतं, आणि तो प्रोग्रॅम वस्तू गुंडाळून देतो. ऑफिस ९७ पासून ऑफिस एक्सपीपर्यंत मायक्रोसॉफ्ट फोटो एडिटर नावाचा प्रोग्रॅम सोबत यायचा, तो हे काम करायचा. मूळ चित्राबरोबर तो पडद्यावर दाखवायचं एक चित्रही रकान्यात ठेवून द्यायचा. म्हणून आज तो प्रोग्रॅम लॅपटॉपवर नसूनही पहिले १६८ दिसतात. दिसतील, पण दुरुस्त करता येणार नाहीत.

ऑफिस २००३ पासून फोटो एडिटर काढून टाकला. २००८ च्या नव्या संगणकावर जेपीजी गुंडाळून द्यायला कोणी उरलंच नव्हतं. मग विंडोज काय करतं, अख्खी फाईल जशीच्या तशी एका पाकिटात घालतं आणि वर आयकन चिकटवतं. तेच तुमचं "पॅकेज". म्हणजे हे फोटो पहिल्या दिवसापासून आयकनच दाखवत होते. भावाला विचारून बघा.

आता हिशेब. १०२४ गुणिले ७६८ गुणिले प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे एका दाखवायच्या चित्राला २३,५९,२९६ बाइट. १६८ नोंदींचे होतात चारशे एमबीच्या जरा खाली. तुमची फाईल ४८० ची. उरलेले ऐंशी-नव्वद एमबी नुसत्या मजकुरानं भरत नाहीत. २४४ ने भागा, फोटोमागं साडेतीनशे केबीच्या आसपास येतात. जेपीजी फोटोला हा आकडा बसू शकतो.

फॉर्मवर नोंद २९१ काढा आणि त्या आयकनवर दोनदा क्लिक करा. इशारा आला तर वाचा आणि उघडायला परवानगी द्या.

पायताणघर | मंगळवार, सकाळी ९.५२

उघडला.

आबांच्या हातात धरलेला जोड आहे. त्यांचा अंगठा दिसतोय.

गुजरी_गल्ली | मंगळवार, सकाळी १०.१०

वाचून अंगावर काटा आला ताई. ज्या दुकानात रकाना रिकामा करायला सांगितलं त्यांचं ऐकलं नाहीत, फार चांगलं केलंत.

चामडं_आणि_दोरा | मंगळवार, दुपारी १.००

व्हय, आणि ही मधली उलटी वेणी आता बांधणारी माणसं किती राहिल्यात? कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी ही नावं तरी लोकांना ठाऊक हायेत. घराघरातल्या वेणीच्या चाली कुठं लिवून ठेवलेल्या नाहीत. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, चार जिल्हे महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, पण त्या कागदात तुमच्या आबांची वेणी न्हाई. ताई, सगळे फोटो भाईर काढा. एकबी सोडू नका.

टेबलक्वेरी | मंगळवार, रात्री ९.४५

चामडं_आणि_दोरा यांचं बरोबर आहे, आता सगळे बाहेर काढायचे. २४४ वेळा दोनदा क्लिक करून सेव्ह करणं शक्य आहे, पण त्यात चुका होतील, नावं बदलतील. कोडनं करू.

पाकिटाची घडण साधी आहे. आधी अ‍ॅक्सेसचं स्वतःचं थोडं शीर्षक, मग मूळ फाईलचं नाव, ती कुठून घेतली तो पत्ता, मग आकार, आणि मग फाईलचे बाइट जसेच्या तसे. प्रत्येक जेपीजी एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटनी सुरू होते. रकाना बायनरी म्हणून वाचायचा, हे तीन बाइट सलग पहिल्यांदा कुठं येतात ते शोधायचं आणि तिथून पुढचं फाईलमध्ये लिहायचं. मी एक छोटं मॉड्यूल, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये चालणारा कोड, करून ईमेलनं पाठवलंय, तुमच्या प्रतीत आयात करा. स्टीफन लेबन्स यांचं ओएलई-टू-डिस्क नावाचं जुनं साधन याच कामाचं आहे, पण ते ३२ बिट ऑफिसच्या काळातलं आहे. तुमचं ऑफिस ६४ बिट असलं तर त्यातले डिक्लेअर (विंडोजला हाक मारणाऱ्या कोडच्या ओळी) अडकतील.

एक सूचना. माझी फाईल उघडल्यावर वर लाल पट्टी येईल आणि कोड चालणारच नाही. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो ऑफिस आपणहून अडवतं. फाईल बंद करा, तिच्यावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकला खूण, ओके. हे फक्त ओळखीच्या माणसाकडून आलेल्या फाईलला करायचं. माझ्याही फाईलचा कोड आधी भावाला वाचायला द्या.

तालीम_वही | मंगळवार, रात्री १०.३०

याच विषयातलं म्हणून मध्ये विचारतो. आमच्या तालमीच्या पोरांची नोंद अ‍ॅक्सेसमध्ये आहे. नाव, वजनगट, आखाड्यात कधी आला, फोटो. फोटो बाहेर फोल्डरमध्ये आहेत, टेबलात नुसता पत्ता. माझ्या संगणकावर सगळे दिसतात. वस्तादांच्या खोलीतल्या संगणकावर एकबी दिसत नाही. फाईल तीच, नेटवर्कवरची.

टेबलक्वेरी | मंगळवार, रात्री १०.५०

पत्ता झेड कोलननं सुरू होतोय का? झेड ड्राइव्ह फक्त तुमच्या संगणकावर जोडलेला असणार. वस्तादांच्या इथं ते अक्षर एक तर नाही, नाही तर दुसऱ्याच फोल्डरला जोडलंय. पत्त्यात ड्राइव्हचं अक्षर ठेवू नका. दोन उलट्या रेघा, सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव असा पूर्ण पत्ता द्या. त्याहून बरं म्हणजे टेबलात फक्त फाईलचं नाव ठेवा आणि पुढचा भाग एकाच ठिकाणी जोडा. उद्या जागा बदलली तर एक ओळ बदलावी लागेल, दोनशे नोंदी नाहीत.

आणि रकान्याची जात हायपरलिंक नाही ना ते बघा. हायपरलिंकच्या रकान्यात अ‍ॅक्सेस पत्त्याच्या मागंपुढं हॅशची चिन्हं घालून ठेवतं. इमेज कंट्रोलला (फॉर्मवर फोटो दाखवणाऱ्या चौकटीला) तसला पत्ता दिला की तो फाईल शोधूच शकत नाही. साधा टेक्स्ट रकाना पुरे.

तालीम_वही | बुधवार, सकाळी ६.४०

झेडच होता. बदलला, वस्तादांकडं दिसायला लागले. आता जोर काढून आलो की उरलेले बदलतो.

पायताणघर | बुधवार, रात्री ११.१५

मॉड्यूल चालवलं. फोल्डरमध्ये २४४ फायली आल्या. त्यातल्या १७२ नीट उघडतात. ६१ फायली पाच ते दहा केबीच्याच आहेत आणि उघडतच नाहीत. उरलेल्या ११ तर पूर्ण रिकाम्या. त्या ६१ मध्ये २९१ पण आहे, जो दोनदा क्लिक केल्यावर नीट दिसला होता. मग बाहेर येताना कसा मोडला? काल रात्री इतका आनंद झाला होता, आज हात थरथरतायत.

टेबलक्वेरी | बुधवार, रात्री ११.४०

चूक माझी आहे, फोटोंना काही झालेलं नाही. मनावर घेऊ नका.

जेपीजीचा शेवट एफएफ, डी९ या दोन बाइटनी होतो, म्हणून मी पहिला डी९ दिसला की लिहिणं थांबवलं. पण डिजिटल कॅमेरे फोटोच्या सुरुवातीलाच एक नखाएवढा छोटा फोटो ठेवतात, गॅलरीत पटकन दाखवायला. तोही स्वतंत्र जेपीजी असतो, त्याला स्वतःचा डी८ आणि स्वतःचा डी९. माझा कोड त्या छोट्या फोटोच्या शेवटाला अख्ख्या फोटोचा शेवट समजून थांबला. म्हणून पाच-दहा केबी. जे १७२ नीट आले ते भावानं कुठल्या तरी प्रोग्रॅममधून सेव्ह करून टाकले असणार, त्यात तो छोटा फोटो गळून गेला.

नवं मॉड्यूल पाठवलंय. यात शेवट शोधतच नाही. पहिल्या डी८ पासून रकान्याच्या शेवटापर्यंत सगळं लिहितो. मागं चार जास्तीचे बाइट राहिले तरी फोटो दाखवणारे प्रोग्रॅम तिकडं बघत नाहीत. पाकिटात लिहिलेल्या आकाराइतकंच घेणं जास्त नेटकं झालं असतं, ते मी नंतर करीन. आज फोटो बाहेर यायला हवेत.

त्या ११ चं बघतो. प्रत्येक नोंदीच्या फोटोच्या रकान्याचा आकार मला पाठवा, मॉड्यूलमध्ये फील्डसाइझची यादी काढायचं बटण आहे.

पायताणघर | गुरुवार, पहाटे ५.३०

२३३ आले. सगळे उघडतात. २९१ सुद्धा. मोठा करून बघितला, मधली वेणी उलटी म्हणजे दोरा खालून वर घेतलाय, वरून खाली नाही. आईला दाखवलं. ती म्हणाली, व्हय, हे असंच बांधायचे, आणि लगेच दोरा घेऊन करून दाखवलं. तिला येत होतं. आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

त्या ११ नोंदींचा रकाना दोन-तीन केबीच आहे. बाकीच्यांचा तीन-चार लाख बाइट.

टेबलक्वेरी | गुरुवार, सकाळी १०.००

मग ते ११ आत नाहीत. फोटो चढवताना इन्सर्ट ऑब्जेक्टच्या खिडकीत "लिंक" अशी एक चौकट असते. तिच्यावर चुकून खूण पडली की रकान्यात फोटो जात नाही, फक्त तो कुठं होता त्याची आठवण जाते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तसाच आयकन, तेच नाव. फरक आकारातच कळतो. त्या केबीभर मजकुरात मूळ पत्ता असेल, तो वाचून पाहिलात तर कुठं शोधायचं ते कळेल.

पहिल्या १६८ चंही करून ठेवा. ते आज दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. फोटो मोठा टाकून एकेका पानावर एक असा रिपोर्ट करा आणि पीडीएफ काढा. रिपोर्ट प्रिंट प्रीव्ह्यूमध्येच उघडा.

छापखाना_शाहूपुरी | गुरुवार, सकाळी ११.२५

ताई, एक गोष्ट आमच्या धंद्यातली. नवी वही करताना कॅटलॉगसाठी छापखान्याकडून परत आलेले फोटो वापरणार असाल तर आधी त्यांचा रंगप्रकार बघा. छपाईच्या फायली आम्ही चार शाईंच्या रंगात, सीएमवायकेत करतो. आमच्या ऑफिसच्या अ‍ॅक्सेसमध्ये त्या जेपीजी असूनही दिसल्या नव्हत्या. आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगप्रकारात, पुन्हा सेव्ह केल्यावर दिसल्या. दोन दिवस आम्ही पत्ते तपासत बसलो होतो, पत्त्यात काहीच चूक नव्हती.

गुजरी_गल्ली | गुरुवार, दुपारी ३.१०

आमच्याकडं तसाच प्रकार, पण आयफोनमुळं. कोल्हापुरी साजाच्या एकवीस पानांचे फोटो पोरानं आयफोनवर काढले. ते एचईआयसी (आयफोनचा फोटो साठवायचा वेगळा प्रकार) निघाले, मग त्यानं प्रत्येकाचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं. एकही दिसेना. नाव बदलल्यानं आतला माल बदलत नाही हे तेव्हा कळलं. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉर्मॅट्समध्ये "मोस्ट कंपॅटिबल" केलं आणि पुन्हा काढले. ब्राउझरमधून उतरवलेले वेबपी फोटोही असेच फसवतात. शंका आली तर फाईल नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरं बघा. पीएनजी असेल तर तिथं पीएनजी लिहिलेलं दिसतं, वेबपी असेल तर आरआयएफएफ आणि थोडं पुढं वेबपी.

पायताणघर | शुक्रवार, रात्री १०.२०

नवी वही करायला घेतली. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, टेबलात फक्त नाव, इमेज कंट्रोलच्या कंट्रोल सोर्समध्ये वहीचा पत्ता आणि नाव जोडलंय. भावानं फोटो नसेल तिथं "फोटो नाही" अशी पाटी दाखवायला डिर (फाईल आहे का ते बघणारी आज्ञा) वापरून तपासणी लिहिली. आता सगळ्याच नोंदींना "फोटो नाही" येतंय! पण तपासणी काढली की फोटो दिसतात. मी फायलींची नावं मराठीत दिलीत, "तीनपदरी_उलटी" अशी. त्यामुळं असेल का?

टेबलक्वेरी | शुक्रवार, रात्री १०.४५

त्यामुळंच. व्हीबीएतलं (अ‍ॅक्सेसच्या कोडच्या भाषेतलं) डिर युनिकोडच्या आधीच्या पद्धतीनं चालतं. देवनागरी अक्षरांच्या जागी त्याला प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणून फाईल सापडत नाही. विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसा जुना अक्षरतक्ता, म्हणजे एएनएसआय कोडपेजच नाही, त्यामुळं प्रादेशिक सेटिंगमध्ये भाषा मराठी करूनही हे सुटत नाही. डिर काढा, फाइलसिस्टमऑब्जेक्टचं फाइलएक्झिस्ट्स वापरा. त्याला मराठी नावं समजतात.

तरी माझा आग्रह आहे की फायलींना आकडेच द्या, ०२९१ असे. मराठी आपली आहे, ती रकान्यात हवी तेवढी लिहा. पण फाईलच्या नावात एक खोच आहे. "गिऱ्हाईक" मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर हुबेहूब सारखे, संगणकाला दोन वेगळी नावं. टेबलात एक आणि फोल्डरमध्ये दुसरं असेल तर डोळ्यांना कधीच सापडणार नाही.

रंकाळ्याचा_वारा | शनिवार, सकाळी ८.००

मी पहिल्या दिवशी न विचारता कॉम्पॅक्ट करायला सांगितलं, ते घाईचं होतं. या धाग्यातून खूप शिकलो.

माझ्याकडं लिबरऑफिस बेस आहे. तिथं इमेज कंट्रोल मजकुराच्या रकान्याला जोडला की पत्ता साठतो आणि बायनरी रकान्याला जोडला की अख्खा फोटो. आजवर मला हा फरक माहीत नव्हता. आता तपासतो माझं काय झालंय.

पायताणघर | रविवार, दुपारी ४.३०

आकडे दिले, फाइलसिस्टमऑब्जेक्ट लावलं, सगळं चालतंय. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा जोड आई बांधतेय, तळ झालाय.

त्या ११ नोंदींचे पत्ते वाचले. सगळे ई कोलनवरचे, डीसीआयएम फोल्डरातले. म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड लावून थेट तिथूनच लिंक झाले होते. ती कार्डं पुरात गेली.

पण जोड विकले गेलेत. कुणाच्या तरी घरात असतील. २००९ ते २०११ च्या दरम्यान व्हीनस कॉर्नरच्या आमच्या गाळ्यातून कुणी पायताण नेलं असेल तर कृपया बघा. जे सगळ्यात आधी हवे आहेत त्यांचं वर्णन वहीतून जसंच्या तसं देते.

नमुना ३०७: तळ चार थर, कान रुंद, वेणी दुपदरी, गोंडा लाल.
नमुना ३१२: तळ तीन थर, कान अरुंद, वेणी चार पदरी, गोंडा नाही, अंगठ्याला दुहेरी टाका.
नमुना ३१३: वरच्यासारखाच, वेणी "आईनं सांगितल्याप्रमाणं".

३१३ मधली आई म्हणजे माझी आजी. ती वेणी माझ्या आईलाही माहीत नाही.

जोड कितीही झिजलेला असला तरी चालेल. वरून, बाजूनं आणि तळाचा असे तीन फोटो हवेत, वेणी जवळून. आणि फोटो जेपीजीच पाठवा.